तुटक रेषेतलं टेबल

चांगी

सिंगापूरच्या विमानतळावर माझं स्वागत झालं ते संशयानं. शेंगदाण्याची चटणी सुटली, ज्वारीचं पीठ सुटलं, जिच्याकडे उतरणार होते त्या रूपालीसाठी नेलेला काळा मसालासुद्धा नुसता हुंगून परत दिला. अडकली ती शीट ठेवायची काळी प्लॅस्टिकची नळी. इंजिनिअरिंगच्या पोरांच्या खांद्याला लटकलेली तुम्ही पाहिली असेल, तीच.

"आत काय आहे?" गणवेशातल्या वयस्कर चिनी गृहस्थानं विचारलं.

"ड्रॉइंग."

त्याचा काही विश्वास बसला नाही. साठी उलटलेली, सुती साडी आणि कॅनव्हासचे बूट घातलेली बाई कसलं ड्रॉइंग घेऊन फिरते? त्यानं नळीचं झाकण फिरवलं, शीट बाहेर काढली आणि टेबलावर पसरली. मग तो बराच वेळ वाकून बघत राहिला.

"हे कोणाचं घर?"

"माझ्या विद्यार्थिनीचं."

"फार लहान आहे," तो म्हणाला. मी हो म्हटलं. त्यानं शीट परत गुंडाळली. उघडताना घेतली नव्हती इतकी काळजी गुंडाळताना घेतली, आणि दोन्ही हातांनी नळी माझ्याकडे दिली. परदेशात आल्यावर भेटलेला हा पहिला माणूस. मला तो आवडून गेला.

आता ही शीट कसली ते सांगायला हवं, कारण माझा सगळा प्रवास तिच्यासाठी होता. मर्लायन का काय तो पाणी ओकणारा सिंह बघायला मी गेले नव्हते. तो मी शेवटपर्यंत पाहिलाही नाही.

मी मराठवाड्यातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात मशीन ड्रॉइंग शिकवायची. ज्यांना दुसरीकडे दारात उभं करत नव्हते त्यांच्या पोरांसाठी काढलेलं हे कॉलेज. मुलं मला पाठीमागे 'पट्टी मॅडम' म्हणायची. मारायची म्हणून नव्हे. रेष वाकडी दिसली की माझा चेहरा पट्टीसारखा व्हायचा म्हणून. निवृत्त झाले तरी माझं तिथलं जाणं काही सुटलेलं नाही. आमची बरीच मुलं आज सिंगापुरात इंजिनिअर आहेत, संशोधक आहेत, आणि त्यांनी मिळून आमच्या गरजू मुलांसाठी शिष्यवृत्ती सुरू केलेली आहे. मुलं निवडायचं काम त्यांनी माझ्यावर टाकलं.

गरज मोजायची कशी? दाखले येतात, त्यांच्यावर शिक्के असतात. निबंध लिहायला लावला तर ज्याला रडकं लिहिता येतं तो पुढे जातो. म्हणून मी माझी जुनीच पद्धत लावली; शिकवत असताना मी प्रत्येक मुलाकडून त्याच्या घराचा प्लॅन काढून घ्यायचीच. ज्याला मदत हवी त्यानं आपल्या राहत्या घराचा प्लॅन मापात काढून आणायचा. शब्द एक नको. दार कुठे, चूल कुठे, कोण कुठे झोपतं आणि तू अभ्यासाला कुठे बसतोस, एवढं दाखवायचं. खोटा प्लॅन काढता येत नाही असं नाही. पण खोट्या प्लॅनमध्ये दार उघडायला जागा उरत नाही, आणि माझ्या डोळ्याला ते लगेच टोचतं.

नळीतली शीट विशाखाची होती. दुसरं वर्ष, मेकॅनिकल. एका खोलीचं घर, वर पत्रे, मागची भिंत पिठाच्या गिरणीशी सामाईक. सहा माणसांची अंथरुणं तिनं इतक्या नेमकेपणानं बसवली होती की एक पाय लांब करायचा झाला तर दुसऱ्यानं मुडपायला हवा. आणि कोपऱ्यात एक टेबल, तेवढंच तुटक रेषेत.

ड्रॉइंगमध्ये तुटक रेषेचा अर्थ असतो की वस्तू आहे, पण इथून दिसत नाही. मी तिला विचारलं होतं, "हे टेबल कशाच्या मागे लपलंय गं?"

"लपलेलं नाही मॅडम. ते आईच्या शिलाई मशीनचं आहे. आईचं काम उरकलं आणि मशीन खाली उतरवलं की माझं. म्हणजे आहे, पण कायम नाही. त्याला कुठली रेष काढायची ते पुस्तकात नाही."

मी त्या शीटवर काही लिहिलं नाही. एरवी मी काहीतरी लिहितेच.

ही मुलगी एम-थ्रीत, म्हणजे गणिताच्या तिसऱ्या पेपरात, नापास झाली होती. उन्हाळ्यात पुन्हा बसली आणि पेपर देऊन आली तेव्हाच तिचा चेहरा निकाल सांगत होता. एटीकेटीवर पुढच्या वर्गात जाता येतं, पण सिंगापूरच्या मंडळींनी नवा नियम करायचं ठरवलं होतं: विषय राहिला की शिष्यवृत्ती थांबेल. त्यावर मत घ्यायची सभा होती रविवारी. शिष्यवृत्ती थांबली तर विशाखाचं कॉलेजही थांबणार होतं. तिच्या काकांनी एका दुकानात तिच्या नोकरीचं बोलूनही ठेवलं होतं. त्या मंडळींतल्याच मिलिंदनं, माझ्या जुन्या विद्यार्थ्यानं, तिकीट पाठवलं आणि म्हणाला, "मॅडम, या वेळी फोनवर नको. तुम्ही समोर बसून काय ते सांगा." नियमाची सूचना त्याचीच होती. म्हणजे मला भांडायला त्यानंच बोलावलं होतं, आणि तेही स्वतःच्या खर्चानं. असा विद्यार्थी मिळायला भाग्य लागतं.

पुंगोल

मिलिंद विमानतळावर वाकून पाया पडला, जय भीम म्हणाला आणि माझ्या हातातली नळी आधी घेतली, बॅग नंतर. इंजिनिअरचं शरीर जुन्या सवयी विसरत नाही.

तो जुरोंग आयलंडवरच्या एका केमिकल प्लांटमध्ये आहे. ते बेट म्हणजे नुसते कारखाने आणि टाक्या. पास असल्याशिवाय तिथे चिटपाखरू शिरत नाही, त्यामुळे मला ते बघायला मिळालं नाही. सकाळी कंपनीची बस त्याला घेऊन जायची आणि संध्याकाळी आणून सोडायची. राहतात मात्र सिंगापूरच्या पार दुसऱ्या टोकाला, पुंगोलला. तिथे सगळ्या नव्या कोऱ्या इमारती, मधून पाण्याचा कालवा, आणि जिकडे पाहावं तिकडे बाबागाड्या. म्हातारं माणूस दिसलं की मला हायसं वाटायचं.

रूपाली, मिलिंदची बायको, नागपूरची. बोलणं घाईचं, हात त्याहून घाईचा. पहिल्याच दिवशी तिनं मला घर दाखवलं ते स्वयंपाकघरापासून. तिथे एक खोली निघाली, जाड काँक्रीटच्या भिंतींची आणि लोखंडी दाराची. मी दचकलेच.

"हे काय, तिजोरी?"

"बॉम्ब शेल्टर, मॅडम. इथे प्रत्येक नव्या फ्लॅटला असतंच. सरकारचा नियम."

"आणि आत?"

"आत कणिक, तांदूळ, लोणची आणि जुनी सायकल," रूपाली म्हणाली. युद्ध झालंच तर हे कुटुंब लिंबाच्या लोणच्यावर महिनाभर तग धरेल याची मला खात्री पटली.

त्यांची मुलगी तारा, चौथीतली. जूनची सुट्टी चालू होती, पण पोरीला सुट्टी नव्हती. मे महिन्यातल्या परीक्षेत ती गणितात नापास झाली होती आणि आठवड्यातून तीनदा मिसेस लिम नावाच्या बाई शिकवायला घरी यायच्या. आधी त्या एकदाच यायच्या. तारा हे सगळं स्वतःच मला सांगून मोकळी झाली.

"आजी, आय फेल्ड मॅथ्स," ती म्हणाली, जणू सर्दी झालीय. "सो पापा गॉट मी मोअर मिसेस लिम."

मी मराठीत बोलायची, ती इंग्रजीत उत्तर द्यायची, आणि मध्ये 'लाह' नावाचं काहीतरी घालायची. वाक्याच्या शेवटी आपण 'गं' किंवा 'ना' लावतो, तसंच काहीसं. आमचं छान जमलं.

दुसऱ्या दिवशी मला वाटलं, आपण कोथिंबीर आणू. पुंगोलला एक छोटी गाडी आहे, एलआरटी. चालकच नसतो तिला. पुढच्या काचेशी उभं राहिलं की आपणच गाडी हाकतोय असं वाटतं. मी ऐटीत पुढे उभी राहिले आणि चुकीच्या दिशेच्या गाडीत बसल्याचं बऱ्याच वेळानं लक्षात आलं. घाम फुटला. पण ती गाडी गोल फिरते. चुकीच्या बाजूनं गेलं तरी शेवटी आपल्याच स्टेशनवर आणून सोडते, फक्त वेळ जास्त लागतो. घरी सगळे हसले. कोथिंबीर आणायची राहून गेली ती गेलीच.

त्या दुपारी तारा कंटाळली होती, तेव्हा मी तिला घराचा प्लॅन काढायला बसवलं. तिनं स्वतःची खोली आधी काढली, त्यात टेबल, दिवा, खुर्ची, आणि मिसेस लिमसाठी दुसरी खुर्ची. बॉम्ब शेल्टरच्या भिंती इतक्या जाड काढल्या की बापाला झोपायला जागा उरली नाही. मी मनापासून हसले आणि नळीतून विशाखाची शीट काढून तिला दाखवली. ही ताईसुद्धा गणितात नापास झालीय, हेही सांगितलं.

तारानं बोटानं दार शोधलं, दारातून आत गेली, अंथरुणांवरून फिरली आणि कोपऱ्यात थांबली.

"व्हाय द टेबल लाइक दॅट? ब्रोकन?"

मी तिला तुटक रेष समजावून सांगितली. वस्तू असते, पण दिसत नाही. विशाखाचं टेबल असतं, पण कायम नसतं. तारानं त्या रेषेवरून बोट फिरवलं.

"देन हर मिसेस लिम सिट व्हेअर?"

"तिला मिसेस लिम नाही गं."

"बट शी फेल्ड, राइट? यू सेड."

मी हो म्हटलं. तिला ते हिशेबात बसेना. तिच्या जगात नापास झालं की माणसं वाढत होती.

मरीन परेड

शनिवारी मिलिंदनं मला मरीन परेडला नेलं. तिथल्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे एका छपराखाली शंभर गाड्यांची खाऊगल्ली असते तिथे, त्याचा एक सहकारी भेटणार होता. तो येण्याआधी मी आइस कचांग मागवलं. रंगीत बर्फाचा डोंगर आला. आपल्या जत्रेतल्या गोळ्याचा श्रीमंत भाऊ, म्हणून मी चमचा घातला तर तळातून राजमा निघाला. बर्फाखाली राजमा! आणि मक्याचे दाणे! मी मिलिंदकडे पाहिलं. तो म्हणाला, "मॅडम, खाऊन बघा, मग बोला." खाल्लं. दुसरं मागवलं नाही, पण पहिलं संपवलं.

सहकाऱ्याचं नाव वेंडेल. उंच, सावळा नव्हे चांगला काळाभोर, कानशिलं पिकलेली, अमेरिकेच्या दक्षिणेकडचा. हा माणूस दरवर्षी आमच्या मुलांच्या शिष्यवृत्तीत आपणहून भर घालतो हे मला ठाऊक होतं. का घालतो ते ठाऊक नव्हतं. मी सरळ विचारलं. आमच्याकडे आडवळणानं विचारायची पद्धत आहे, पण माझं वय झालंय.

"मॅम, मिलिंदनं मला तुमच्या कॉलेजची गोष्ट सांगितली," तो म्हणाला. "मी त्याला म्हटलं, थांब, हे माझंच कॉलेज आहे."

मग त्यानं त्याच्या कॉलेजचं सांगितलं. काळ्या मुलांना दुसरीकडे घेत नसत त्या काळात काळ्यांसाठीच निघालेलं कॉलेज. त्याच्या आजोबांच्या पिढीनं विटा वाहिलेल्या. तिथे तो इंजिनिअरिंग शिकला, तोही गरज बघून दिल्या जाणाऱ्या शिष्यवृत्तीवर. आई दवाखान्यात चादरी धुवायची. जाताना तिनं त्याला बजावलं होतं की इतरांच्या दुप्पट चांगला हो, तेव्हा कुठे तुला निम्मं मिळेल.

हे ऐकून मिलिंद एकदम पुढे वाकला. "हेच," तो मराठीत मला म्हणाला, "मॅडम, हेच मी म्हणतोय. आपल्या पोराचा एक विषय राहिला तर तो एका पोराचा राहत नाही. सगळ्यांचा राहतो. बघा, आम्ही म्हणतच होतो, असं म्हणायला लोक टपलेलेच असतात. तुम्ही ऐकलंय. मी ऐकलंय."

मी ऐकलं होतं. कॉलेजच्या व्हरांड्यात, परीक्षकांच्या चहाच्या टेबलावर, नातेवाइकांच्या लग्नात. मिलिंदचा चार वर्षांत एकही विषय राहिला नव्हता. त्याच्या प्लॅनमध्ये अभ्यासाची जागा घरात नव्हतीच. त्यानं शीटच्या कडेला एसटी स्टँडचा दिवा काढला होता आणि घरापासूनचं अंतर मापात दाखवलं होतं. अशा पोराला मी काय सांगणार? रविवारी बोलायचं भाषण पर्समध्ये होतं, ते मला एकाएकी फार गुळगुळीत वाटायला लागलं.

मिलिंदनं वेंडेलला नियमाबद्दल इंग्रजीत सांगितलं. वेंडेल नूडल्स गुंडाळत ऐकत होता.

"मी दुसऱ्या वर्षी फ्लुइड मेकॅनिक्समध्ये नापास झालो," तो म्हणाला. "आईला कळवलंच नाही. शिष्यवृत्तीच्या ऑफिसात गेलो, बॅग भरूनच. तिथल्या बाईंनी विचारलं, तुझ्या घरची परिस्थिती मागच्या सत्रापेक्षा सुधारली का? मी म्हटलं, नाही. त्या म्हणाल्या, मग तू इथे कशाला आलास? जा, वर्गात जा."

शेजारच्या टेबलावर एक आजोबा कॉफी बशीत ओतून पीत होते, अगदी आपल्यासारखे.

"पास झालो त्या सत्रांत मी कसंही निभावलं असतं, मॅम," वेंडेल म्हणाला. "नापास झालो त्या सत्रात मला त्या बाईंची गरज होती."

मिलिंद बराच वेळ ताटातली मिरची बाजूला सारत बसला. परतीच्या बसमध्ये तो माझ्याशी एक शब्द बोलला नाही, पण मला खिडकीची जागा दिली आणि समुद्र आला की हात दाखवायचा. मीही नियमाचा विषय काढला नाही. मुलं गप्प झाली की त्यांना गप्प राहू द्यावं, हे चाळीस विद्यार्थ्यांच्या ड्रॉइंग हॉलमध्येच मी शिकले.

रविवार

सभा मरीन परेडलाच, एका सदस्याच्या काँडोच्या, म्हणजे खासगी सोसायटीच्या, खालच्या हॉलमध्ये होती. आम्ही निघायच्या गडबडीत होतो. रूपाली मसालेभाताचं पातेलं टॉवेलात बांधत होती. मिलिंद बूट घालत होता आणि तारा त्याच्यापुढे उभी होती, विशाखाच्या शीटची नळी खांद्याला लावून. ती तिनं कालपासून सोडली नव्हती.

"पापा, विशाखाताई फेल, सो यू स्टॉप हर मनी?"

"बेटा, ते तसं नसतं. रूल आहे."

"बट आय फेल ऑल्सो लाह," तारा म्हणाली. तक्रार नव्हती, शंका होती. "फॉर मी यू नेव्हर स्टॉप. यू गेट मोअर."

मिलिंदच्या हातात बुटाची लेस तशीच राहिली. रूपालीनं पातेल्याची गाठ सोडून पुन्हा बांधली. मी खिडकीबाहेर बघत राहिले, कारण माझे डोळे भरून आले होते आणि पट्टी मॅडमला ते शोभत नाही.

"चप्पल घाल," मिलिंद तिला म्हणाला. "उशीर होतोय."

हॉलमध्ये आधी बुद्धवंदना झाली. स्विमिंग पूलमधली गोरी पोरं काचेतून आत बघत होती. मग सभा. अध्यक्ष होते सोनवणे साहेब, आमच्याच कॉलेजचे, सगळ्यांत ज्येष्ठ. दाढी करताना सुद्धा नियमावली वाचत असतील असा माणूस. वेंडेल शेवटच्या रांगेत बसला होता.

मिलिंदनं पडद्यावर एकेक स्लाइड दाखवली. किती मुलं शिकली, कुठे लागली. सगळं नीटनेटकं, माझा विद्यार्थी शोभेल असं. शेवटची स्लाइड आली. 'विषय राहिल्यास', असं वर ठळक, आणि खाली, 'मदत थांबवावी.'

तो तिथे थांबला. इतका थांबला की सोनवणे साहेबांनी घसा साफ केला.

"हे मी लिहिलंय," मिलिंद म्हणाला. "का लिहिलं ते सांगतो. मी चार वर्षं घाबरून शिकलो. एक विषय राहिला तर आपण संपलो, असं रोज वाटायचं. पास होत गेलो, म्हणून मला वाटायला लागलं की त्या भीतीनंच मला पास केलं. ती भीती मी चांगली वस्तू समजून पुढच्यांना द्यायला निघालो होतो." तो ताराकडे बघत नव्हता, मुद्दाम बघत नव्हता. "माझी मुलगी गणितात नापास झाली, तर मी शिकवणी वाढवली. कोणी मला विचारलं नाही की नियम काय आहे. आपल्या पोरांच्या बाबतीत आपण हेच करतो. मग कॉलेजातली मुलं कोणाची आहेत?"

त्यानं लॅपटॉपवर 'मदत थांबवावी' खोडलं. सगळ्यांसमोर, एकेक अक्षर मागे घेत. आणि त्या जागी लिहिलं, 'शिकवणी लावावी.'

हॉलमध्ये कुजबुज झाली. सोनवणे साहेबांनी रास्त प्रश्न विचारला. "भावना ठीक आहे, मिलिंद. पण शिकवणार कोण? इथून?"

"मी. स्काइपवर. दर शनिवारी."

"एम-थ्री?" मागून कोणीतरी म्हणालं. "तुला आठवतंय का तरी?"

हशा पिकला. "नाही आठवत," मिलिंद म्हणाला. "तिच्याबरोबर पुन्हा शिकेन."

सोनवणे साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. त्यांनी ताराकडून नळी मागून घेतली, शीट टेबलावर पसरली आणि त्या चिनी गृहस्थासारखेच वाकून बघत राहिले. प्रत्येक जण येऊन बघून गेला. कोणी 'अरेरे' म्हटलं नाही. या हॉलमधल्या आमच्या कॉलेजच्या प्रत्येकानं कधी ना कधी अशी शीट काढून मला आणून दिली होती.

"या टेबलाची रेष," सोनवणे साहेब म्हणाले, "बरोबर आहे का, मॅडम?"

"पुस्तकात नाही," मी म्हटलं. "पण बरोबर आहे."

मग त्यांनी मत घेतलं. हात वर गेले. शेवटच्या रांगेतला वेंडेलचा हात सगळ्यांत उंच. एक तर त्याची उंची तशी, आणि दुसरं, त्याला मताचा हक्क नसतानाही त्यानं तो वर केला होता. माझं भाषण पर्समध्येच राहिलं. परतीच्या विमानात मी ते वाचून पाहिलं. मुद्देसूद होतं, आणि कशाचाही उपयोग झाला नसता.

जेवणात मसालेभात, कढी आणि वेंडेलनं घरून करून आणलेली मक्याची जाड भाकरी होती. तिला तो ब्रेड म्हणत होता. मी त्याला सांगितलं की हिच्याबरोबर लसणाची चटणी हवी. त्यानं माझी शेंगदाण्याची चटणी लावून तीन तुकडे खाल्ले आणि डोळ्यांतून पाणी काढलं. तिखटानं की कशानं, ते मी विचारलं नाही.

घरी

मी परत आले तेव्हा विशाखाला सांगायला तिच्या घरी गेले. तिची आई मशीनवर बसली होती. बातमी ऐकल्यावर तिनं मशीनचं चाक थांबवलं, मशीन टेबलावरून खाली उतरवलं आणि दिवसाढवळ्या टेबल पोरीपुढे सरकवलं. मागे गिरणी चालू होती, आणि अख्खी भिंत थरथरत होती.

शनिवारची शिकवणी कॉलेजच्या ड्रॉइंग हॉलमध्ये होते, कारण गिरणीपुढे मिलिंदचा आवाज टिकत नाही. पहिल्या दिवशी दोघंही इतके अवघडले होते की अर्धा वेळ 'ऐकू येतंय का' यातच गेला. पुढे सराव झाला. मी मागच्या बाकावर स्वेटर विणत बसायची, लक्ष नाही असं दाखवून. स्क्रीनवर मिलिंद फळ्यावर लिहायचा आणि त्याच्या बाजूला तारा आपला गृहपाठ करायची. मिलिंद कधी कधी अडकायचा. एकदा त्याचं उत्तर काही केल्या जुळेना, तेव्हा विशाखा इकडून हळूच म्हणाली, "सर, तिसऱ्या ओळीत उणे चिन्ह राहिलं." तारा खदखदून हसली. मिलिंदही हसला. नापास झालेली मुलगी सरांची चूक काढते, हे विशाखाला स्वतःलाच खरं वाटेना. त्या दिवशी ती ताठ मानेनं घरी गेली.

हिवाळ्यात तिचा एम-थ्री निघाला. मार्क काही गाजावाजा करण्यासारखे नव्हते, निघाला, एवढंच. तिनं मला आधी सांगितलं नाही. आधी सिंगापूरला फोन केला. मला राग यायला हवा होता, पण आला नाही.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी मिलिंदकडून टपालानं एक नळी आली. आत ताराची शीट होती. घराचा प्लॅन, या वेळी खरोखर मापात. बॉम्ब शेल्टरच्या भिंती आटोक्यात आणलेल्या, बापाला झोपायला पुरेशी जागा. तिच्या खोलीत तिचं टेबल, तिची खुर्ची, मिसेस लिमची खुर्ची, सगळं ठळक रेषेत.

आणि टेबलाच्या दुसऱ्या बाजूला आणखी एक खुर्ची होती, तुटक रेषेत. तिला बाण जोडून खाली तारानं मराठीत लिहिलं होतं, अक्षरं लावत लावत, बहुधा आईला विचारून: विशाखाताई. आहे, पण दिसत नाही. फक्त शनिवारी.

कोपऱ्यात नाव-तारखेचा टायटल ब्लॉक नव्हता, स्केल लिहायची राहिली होती आणि दरवाजा उलट्या बाजूला उघडत होता. मी लाल पेन काढलं, तिन्ही चुका दाखवल्या, आणि खाली पूर्ण मार्क दिले. आयुष्यात पहिल्यांदाच.